दौड शहरात, निधी अरण्यात

चंडीगढच्या उत्तर टोकास, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, कॅपिटल कॉम्प्लेक्स वसले आहे. सचिवालय, विधानभवन आणि उच्च न्यायालय अशा तीन भव्य वास्तू, त्यांच्यामधील विस्तीर्ण फरसबंद मोकळे आवार आणि त्या आवारात २६ मीटर उंचीचे, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे फिरणारे धातूचे ‘मुक्त हस्त’ स्मारक, असे त्याचे स्वरूप आहे. ल कॉर्बुझिए यांच्या कल्पनेतील हा हात त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, उभा राहिला. त्याचा पत्रा नांगलच्या कार्यशाळेत घडविण्यात आला. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा, असा या हाताचा अर्थ सांगितला जातो. दुरून पाहणाऱ्यास तो हातापेक्षा पंख पसरलेल्या पक्ष्यासारखाच अधिक भासतो. जुलै २०१६ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

या वास्तूंचे छायाचित्र पाहणाऱ्याचे लक्ष सहसा काँक्रीटवर खिळते. मागच्या टेकड्यांकडे जात नाही. त्या टेकड्यांमध्ये सुमारे २६ चौरस किलोमीटरचे सुखना वन्यजीव अभयारण्य आहे. सांबर, चितळ, रानडुक्कर, साळिंदर, मोर आणि बिबळ्या हे तेथील रहिवासी. दोन राज्यांचा कारभार ज्या आवारातून चालतो, त्या आवारापासून अवघ्या काही किलोमीटरवर बिबळ्याचा वावर असावा, असे उदाहरण भारतात विरळाच. मार्च २०२० च्या अखेरीस, टाळेबंदीने रस्ते ओस पडलेले असताना, एक बिबळ्या सेक्टर ५ मधील निवासी वस्तीपर्यंत आला आणि त्याला बेशुद्ध करून नेण्यास वन खात्याला काही तास खपावे लागले.

शहर आणि अरण्य एवढे लगटून असले, की अरण्यासाठी काहीतरी करावे, असे शहरवासीयांना वाटणे स्वाभाविक आहे. अलीकडे या भावनेला सर्वाधिक लोकप्रिय झालेला मार्ग म्हणजे निधी उभारण्यासाठी होणारी हौशी दौड, अर्थात ‘फन रन’. पाच-सहा किलोमीटरचे अंतर, जिंकण्या-हरण्याची चिंता नाही, आजोबांपासून नातवापर्यंत सारे कुटुंब एका रांगेत, आणि मिळालेला पैसा वाघ, गेंडा किंवा माळढोकासाठी. कल्पना सुंदर आहे. मात्र तिचा हिशेब आणि तिची जागा, या दोन्ही गोष्टी तपासून पाहण्यासारख्या आहेत. कारण या दोहोंपैकी एक जरी चुकली, तरी ज्याच्या नावाने धावावे त्याच प्राण्याच्या पदरी काही पडत नाही, उलट उपद्रव मात्र पडतो.

तळ्यासाठी उगवलेले जंगल

सुखना अभयारण्याची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. कारण ते अभयारण्य व्हावे म्हणून कोणी योजिलेच नव्हते. १९५८ मध्ये मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांच्या देखरेखीखाली सुखना नावाच्या पावसाळी ओढ्यास बांध घालून सुखना तलाव निर्माण करण्यात आला. शिवालिकची माती भुसभुशीत. झाडे तुटलेल्या, गुरांनी चरून उघड्या पडलेल्या टेकड्यांवरून पहिल्या पावसासरशी ती वाहत येई. परिणामी पहिल्या तीन दशकांतच तलावाची निम्म्याहून अधिक साठवणक्षमता गाळाने खाल्ली.

यावर दोन उपाय झाले. पहिला लोकांच्या डोळ्यांसमोरचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नागरिकांना श्रमदानासाठी बोलावण्यात आले, आणि विद्यार्थी, जवान, कर्मचारी, गृहिणी फावडी-टोपल्या घेऊन उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातील गाळ उपसू लागले. दुसरा उपाय कोणाच्या फारसा नजरेस न येणारा. प्रशासनाने पाणलोट क्षेत्रातील टेकड्या ताब्यात घेऊन तेथे चराई बंद केली, ओघळींना लहान-लहान बांध घातले आणि खैर, बाभूळ, शिसवासारखी झाडे लावली. गाळ तळ्यात उपसण्याऐवजी डोंगरात अडविण्याची ही खटपट फळाला आली. माती थांबली, बांधांमागे पाणी साचले, झाडी दाटली, आणि पाण्यापाठोपाठ प्राणी आले. मार्च १९९८ मध्ये या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तळे वाचविण्यासाठी लावलेले रान अखेर जनावरांचे घर झाले.

आजच्या हौशी दौडीची खरी आजी म्हणजे हे श्रमदान होय. दोहोंतही सामान्य माणूस आपले शरीर एका सार्वजनिक कामाला लावतो, दोहोंतही पुष्कळसे समाधान सोबतच्या गर्दीतून येते. फरक असा, की टोपलीभर गाळ निदान तळ्याबाहेर पडलेला दिसतो. दौडीतील घामाचे रूपांतर मात्र आधी पैशात व्हावे लागते, आणि तो पैसा वरच्या ओघळीतील बांधापर्यंत पोहोचावा लागतो. मधली ही वाट लांब आहे व तिच्यात गळतीची ठिकाणे अनेक आहेत.

गेंड्याच्या वेषातील धावपटू

शरीरश्रमातून निधी उभारण्याच्या आधुनिक प्रथेचा उगम पुष्कळजण कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणात पाहतात. कर्करोगाने एक पाय गमावल्यावर, १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायाच्या आधारे देश ओलांडण्यासाठी निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोगाने पुन्हा उचल खाल्ल्यामुळे त्याला थांबावे लागले. १९८१ पासून त्याच्या नावाने होणाऱ्या दौडीला प्रवेशशुल्क नाही. जो तो आपल्या परीने देणगी गोळा करतो. आपल्याकडे हे वळण रुजले ते प्रामुख्याने फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमुळे. तिच्यातील ‘ड्रीम रन’मध्ये निरनिराळ्या संस्थांचे फलक घेऊन, वेषभूषा करून चालणारे-धावणारे मुंबईकर आता सर्वपरिचित आहेत. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात होणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनने तर धावण्याचे वेड जिल्ह्याच्या गावापर्यंत नेले.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत मात्र दोन परदेशी उदाहरणे अधिक उद्बोधक ठरतात, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिले लंडनचे. एका नाटकासाठी बनविलेले गेंड्याचे पोशाख ‘सेव्ह द ऱ्हायनो’च्या कार्यकर्त्यांच्या हाती आले, आणि १९९२ पासून लंडन मॅरेथॉनमध्ये सुमारे दहा किलो वजनाचा तो सांगाडा अंगावर चढवून ४२ किलोमीटर धावणारे स्वयंसेवक दिसू लागले. लंडनच्या रस्त्यावर रानगेंडा नाही, त्यामुळे त्याला त्रास होण्याचा प्रश्नच नाही. धावणारा आपल्या स्नेही-सोबत्यांकडून ठरावीक रकमेची वचने आधी गोळा करतो. गेंडा धावताना पाहून हसणाऱ्या गर्दीपैकी काहींचा हातही खिशाकडे जातो. पैसा जातो तो थेट आफ्रिका व आशियातील गेंड्यांच्या रक्षणाकडे. धावण्याचे स्थळ आणि संरक्षणाचे स्थळ यांत हजारो किलोमीटरचे अंतर आहे, आणि ते अंतर हीच या योजनेची सोय आहे.

दुसरे उदाहरण केनियातील लेवा अभयक्षेत्राचे. २००० पासून तेथे समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर, जेथे गेंडे, हत्ती, झेब्रे मोकळे हिंडतात त्याच कुरणांतून मॅरेथॉन होते. ‘टस्क’ ही ब्रिटिश संस्था आणि लेवाचे व्यवस्थापन ती मिळून भरवितात. उत्पन्नातून केवळ वन्यजीवांचेच नव्हे, तर आसपासच्या गावांतील शाळा, दवाखाने व पाण्याचेही काम चालते. जंगलाच्या शेजाऱ्याला जंगलाचा लाभ मिळावा, हे तत्त्व यामागे आहे. परंतु त्या एका सकाळसाठी मार्गावर सशस्त्र रक्षक उभे राहतात आणि हेलिकॉप्टर व विमाने प्राण्यांवर नजर ठेवून त्यांना मार्गापासून दूर ठेवतात. क्षेत्रही लहान नाही. सुमारे २५,००० हेक्टरांचे आहे. जनावराने त्या सकाळी बाजूला सरावे म्हटले, तर सरायला जागा आहे.

सुखना अभयारण्य त्याच्या जेमतेम एकदशांश. तीन बाजूंनी गावे, शेते, वाढती बांधकामे, आणि चौथ्या बाजूला शहर. येथे सांबर बिचकले, तर ते सरणार कोठे? बहुधा रस्त्यावरच. म्हणून लेव्याचे अनुकरण येथे करू नये, लंडनचे करावे. या दृष्टीने पाहता कॅपिटल कॉम्प्लेक्स आणि त्यापुढील जनमार्ग, उत्तर मार्ग ही अशा दौडीची नैसर्गिक जागा ठरते: जेथून टेकड्या दिसतात, पण जेथील पावलांचा धक्का टेकड्यांना बसत नाही.

हे आवार सहजासहजी मिळणारे नाही, हेही खरे. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी सचिवालयाच्या परिसरात पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची बॉम्बस्फोटात हत्या झाली. तेव्हापासून येथील सुरक्षाव्यवस्था कडक झाली असून सामान्य पर्यटकास मार्गदर्शकासह, ठरवून दिलेल्या फेरीतच प्रवेश मिळतो. तरीही २१ जून २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय योग दिनाचा राष्ट्रीय सोहळा याच फरसबंदीवर हजारो लोकांच्या उपस्थितीत पार पडला. तेव्हा, शिस्त आणि पूर्वपरवानगी असेल तर ते आवार नागरिकांना अगदीच बंद आहे असे नाही. आणि ते न मिळाल्यास बाहेरचे मार्ग आहेतच. हे शहर धावणाऱ्यांचेच आहे. मिल्खासिंग यांनी आयुष्याचा मोठा काळ येथे व्यतीत केला.

सहाशे रुपयांचा हिशेब

आता पैशाकडे वळू. एक काल्पनिक, पण व्यवहारास धरून असलेले गणित मांडू. दोन हजार लोकांनी प्रत्येकी ६०० रुपये शुल्क भरले. जमा १२ लाख. दरडोई टी-शर्टला १८० रुपये, पदकाला ९०, छातीवरचा क्रमांक व वेळ मोजणारी चिप यांना ११०, पाणी व अल्पोपाहाराला ७०, म्हणजे एकूण ४५०. झाले ९ लाख. रुग्णवाहिका, अडथळे, मंडप, ध्वनिक्षेपक, विमा यांवर आणखी २ लाख ४० हजार. शिल्लक ६० हजार. सहाशे रुपये देणाऱ्याच्या मनात आपण सांबरासाठी सहाशे दिले असे असते. प्रत्यक्षात सांबराच्या वाट्याला तीस आले.

आता त्याच गणितातून टी-शर्ट आणि पदक वगळा. दरडोई २७० रुपये वाचले, म्हणजे ५ लाख ४० हजार. शिल्लक सहा लाख. प्रत्येकाच्या सहाशेतील निम्मे. घराघरांतील कपाटांत अशा शर्यतींच्या टी-शर्टांची चळत पडलेली असते व तिचा अखेरचा उपयोग फरशी पुसण्यासाठी होतो, हे ध्यानात घेता ही काटकसर कोणास जड वाटू नये. आणि दोन हजारांपैकी फक्त दोनशे जणांनी लंडनच्या धर्तीवर आप्तेष्टांकडून प्रत्येकी तीन हजार रुपये गोळा केले, तर आणखी सहा लाख. तात्पर्य असे, की दौडीचा निधी शुल्कातून फारसा उभा राहत नाही. तो खर्च टाळण्यातून आणि धावणाऱ्याच्या ओळखीपाळखीतून उभा राहतो.

राहिला प्रायोजकांचा प्रश्न. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा दौडीला मिळेल, असे अनेक आयोजक गृहीत धरतात. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात वनस्पती व प्राण्यांचे संरक्षण हा विषय आहे, हे खरे. परंतु जून २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने काढलेल्या परिपत्रकात मॅरेथॉनसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांवरील खर्च या दायित्वात धरला जाणार नाही, असे स्पष्ट केले आहे. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी तर प्रसिद्धीचा लाभ घेण्यासाठी दिलेले प्रायोजकत्वही वगळले. कंपनीने अभयारण्याच्या शेजारील गावात वर्षानुवर्षे चालणारा एखादा प्रकल्प हाती घेतला, तर तो खर्च ग्राह्य होऊ शकतो. कमानीवर नाव झळकविण्याचा खर्च जाहिरातीच्याच खात्यात जातो.

देणगीदार खातेदाराने काही गोष्टी पाहाव्यात. प्रवेशशुल्काच्या मोबदल्यात टी-शर्ट, नाश्ता, पदक मिळत असेल तर ते शुल्क म्हणजे देणगी नव्हे. प्राप्तिकरातील वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०-जी म्हणून सर्वांस परिचित) केवळ देणगीवर, तीही मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या, आणि जुन्या करप्रणालीची निवड केली असेल तरच मिळते. दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने दिल्यास ही वजावट मिळत नाही. म्हणून धनादेश, बँक हस्तांतरण किंवा यूपीआय हाच मार्ग बरा. पावती संस्थेच्या नावाची आहे की कार्यक्रम भरविणाऱ्या व्यावसायिक कंपनीच्या नावाची, हे पाहणे तर सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळांचा गोंधळ येथेच होतो.

परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी आणखी एक मुद्दा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी विदेशी मानली जात नाही. परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाने वा भावाने पाठविलेली रक्कम विदेशी योगदान ठरते, आणि ती घेण्यासाठी संस्थेजवळ तशी नोंदणी लागते. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. पुण्यातील वा चंडीगढमधील एखाद्या छोट्या संस्थेच्या चालू खात्यात ती परस्पर जमा करून चालत नाही. मोठ्या उत्साहाने पाठविलेली देणगी त्यामुळे संस्थेलाच अडचणीत आणू शकते.

पैसा संस्थेकडे आला, तरी अरण्यात तो कसा शिरतो? अभयारण्य सरकारचे, तेथे कोणीही जाऊन बांध घालू वा तळे खोदू शकत नाही, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीविना तर नाहीच. व्याघ्रप्रकल्पांसाठी २००६ च्या कायदादुरुस्तीने स्वतंत्र व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची तरतूद केली. ताडोबा-अंधारीचे असे प्रतिष्ठान आहे व ते देणगी स्वीकारून प्रकल्पक्षेत्रात आणि भोवतालच्या गावांत खर्च करू शकते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बंदिस्त वन्यप्राण्यांसाठी दत्तक योजना राबविण्यात आली आहे. सुखनासारख्या लहान अभयारण्यासाठी दौडीच्या आयोजकांनी दौडीआधीच वन खात्याशी बोलून कामे ठरवून घेणे श्रेयस्कर: उन्हाळ्यातील पाणवठे, गाळाने भरलेले बांध मोकळे करणे, घाणेरीचे रान काढणे, पहारा देणाऱ्या मजुरांना बूट व हिवाळ्याचे कपडे, स्वयंचलित कॅमेरे. ‘वन्यजीव रक्षणासाठी’ एवढे मोघम वाक्य फलकावर लिहून गोळा केलेल्या पैशाचा पुढे हिशेब मागता येत नाही; ‘अमुक ओघळीतील चार बांध’ असे लिहिले, तर पुढच्या वर्षी जाऊन मोजता येतात.

शांततेचे फर्मान

दौड अभयारण्याच्या आतूनच काढावी, म्हणजे लोकांना जंगल ‘अनुभवता’ येईल, अशी सूचना कोणी ना कोणी हमखास करते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ ने अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध घातले आहेत. कलम २८ मध्ये परवाना देण्याची जी कारणे नमूद आहेत, त्यांत अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन यांचा उल्लेख आहे, शर्यतीचा नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी पहाट आणि संध्याकाळ या दौडीच्या आवडत्या वेळा नेमक्या जनावरांच्या पाण्यावर येण्याच्या वेळा आहेत. ज्यांना सुखनाचे रान खरोखर पाहावयाचे आहे, त्यांच्यासाठी कांसल ते नेपली ही पायवाट आहे. वन खात्याची परवानगी घेऊन, लहान गटाने, आवाज न करता ती चालता येते. ताशी दहा किलोमीटर वेगाने धावणाऱ्यास तेथे काहीच दिसणार नाही.

तलावाच्या काठाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कारण चंडीगढचे धावपटू रोज तेथेच धावतात. सुखना तलावासाठी ल कॉर्बुझिए यांनी एक फर्मानच लिहून ठेवले होते. नागरिकांना शहराच्या धकाधकीतून सुटून निसर्गाचा आस्वाद शांततेत घेता यावा, असा त्याचा आशय आहे. मोटारबोटी नकोत, बंधाऱ्यावर वाहने नकोत, असा त्यांचा आग्रह होता. २०२० च्या मार्चमध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर तलावाला ‘जिवंत अस्तित्व’ मानणारा निकाल दिला. अशा काठावर पहाटे पाच वाजता ध्वनिक्षेपकावरून पंजाबी गाण्यांचा ठेका आणि आकाशात छायाचित्रण करणारे ड्रोन, हे दृश्य वन्यजीवांच्या नावाने घडावे, यातील विसंगती निदान आयोजकांच्या तरी लक्षात यावयास हवी.

शिवाय पंचांगही पाहावे लागते. उत्तर भारतात धावण्याचा हंगाम म्हणजे हिवाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ मध्य आशिया व सायबेरियाकडून येणारी बदके, पाणकोंबड्या सुखना तलावावर मुक्कामास असण्याचाही आहे. त्यामुळे त्या महिन्यांतील दौड तलावापासून दूर, लेझर व्हॅलीच्या उद्यानपट्ट्यातून किंवा जनमार्गावरून नेणे उचित. तलावाच्या बाजूने जायचेच असेल, तर वन्यजीव सप्ताह सोयीचा पडतो. २ ते ८ ऑक्टोबर. पावसाळा सरलेला असतो, टेकड्या अजून हिरव्या असतात, पाहुणे पक्षी बहुतांशी यावयाचे असतात. त्या दिवसांत चंडीगढला सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. साडेसहाला मुक्त हस्ताच्या बाजूने निघून, ध्वनिक्षेपकाविना, आठाच्या आत रस्ते मोकळे करणे सहज शक्य आहे.